पूजेच्या वेळी लॅपटॉप चालू होता

"भाऊ नाहीत का?"

आकुर्डीतल्या माझ्या दुकानाची पायरी चढणारं नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतं. काउंटरमागे मी बसलेली असते, हातात स्क्रू-ड्रायव्हर असतो, समोर पोट उघडून ठेवलेला लॅपटॉप असतो, तरी माणूस माझ्या खांद्यावरून मागं बघतो. भाऊ नाहीत हो. कधी नव्हतेच. जे काय आहे ते मीच आहे. हे ऐकून त्यांना जो धक्का बसतो तो मला आता तोंडपाठ झालाय. मला बसलेले धक्के मात्र आजवर कुणी विचारले नव्हते. या अंकाच्या संपादकांनी विचारले, म्हणून हा खटाटोप.

लोकांना वाटतं, लॅपटॉप दुरुस्ती म्हणजे पडलेले, आपटलेले, चहा प्यायलेले लॅपटॉप. ते असतातच. पण मोठा भरणा असतो तो "काहीच केलं नाही हो ताई, आपोआप बंद पडला" म्हणणाऱ्यांचा. आपोआप! माझ्या सगळ्या नोकरी-धंद्यात मी आपोआप काही बंद पडलेलं फार थोडं बघितलंय. खोदून खोदून विचारलं की निम्म्या वेळा उत्तर निघतं, "ते अपडेट का काय म्हणत होता."

अपडेट म्हणजे काय, ते सांगते. लॅपटॉपच्या आत एक मूळ व्यवस्था असते, ऑपरेटिंग सिस्टिम. बाकी सगळं तिच्या जिवावर चालतं. ती बनवणारी कंपनी अधूनमधून तिची डागडुजी इंटरनेटवरून पाठवत असते. ही डागडुजी म्हणजे घरातली फरशी बदलायला काढण्यासारखं आहे. जुनी उखडलेली असते, नवी बसायची असते, आणि तेवढ्या वेळात घरात पाय ठेवायचा नसतो. लॅपटॉप बिचारा पडद्यावर तसं लिहूनही सांगतो, की काम चालू आहे, बंद करू नका. एक गोल फिरत राहतं, टक्के पुढं सरकतात. आता टक्का सरकायला वेळ लागला की आपल्या माणसाला वाटतं, अडकलं. मग बटण. बटण दाबलं की जुनी फरशी गेलेली, नवी आलेली नाही, आणि घर उघडंबोडकं. पुढच्या वेळी चालू करायला गेलं की निळा पडदा, नाहीतर चालू-बंद, चालू-बंद असा खेळ. मग माझी पायरी.

याच्या बरोब्बर उलट असलेला एक इसम मी पाहिलाय. निगडीहून आले होते, बँकेतून निवृत्त, अगदी सरळमार्गी. दुकानासमोर स्कूटर थांबली. चालवत होत्या त्यांच्या मिसेस. मागं हे बसलेले, मांडीवर उघडा लॅपटॉप, दोन्ही हातांनी आरतीचं ताट धरावं तसा धरलेला, आणि चार्जरची वायर खाली लोंबतेय. पडद्यावर गोल फिरतंय. मी आ वासून बघत राहिले. म्हणाले, "ताई, बंद करू नका असं लिहिलंय, म्हणून चालूच आणलाय." मी म्हटलं, "काका, मग आणलात कशाला? घरीच झाला असता ना पूर्ण!" तर मिसेस म्हणाल्या, "हेच मी सांगत होते. पण यांना साक्षीदार लागतो." माझ्या काउंटरवर काका-काकू दोघं बसून राहिले, अपडेट पूर्ण झालं, लॅपटॉप सुखरूप चालू झाला. मी काहीच केलं नव्हतं. तरी काका पुन्हा पुन्हा आभार मानत होते.

पिंपळे गुरवच्या एका घरातला लॅपटॉप तर शालीत गुंडाळून आला होता. मुलीचा बारावीत पहिला नंबर आल्यावर घेतलेला. घेतला तो थेट गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवला. वापरला तर खराब होईल! मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आली, कंपनीची ऑनलाइन मुलाखत ठरली, तेव्हा मुहूर्त बघून बाहेर काढला. वर्षानुवर्षांची डागडुजी तुंबलेली, ती सगळी एकदम सुरू झाली. मुलाखतीची वेळ गेली तरी गोल फिरतंच आहे. आई दुकानात रडत म्हणाली, "आम्ही तर हातसुद्धा लावला नव्हता." बाई, हात लावला नाहीत हेच तर झालं ना! पण तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, "लाईटमुळे झालं असेल. व्होल्टेज कमी-जास्त होतं हल्ली."

हे 'लाईट' प्रकरण सांगितलंच पाहिजे. आमच्या धंद्यातली ती न बोललेली रीत आहे. कुणाच्या हातून बिघडलं हे काउंटरवर कधी सांगायचं नाही. मी नवीन होते तेव्हा सांगायची, अगदी छाती पुढं काढून. एकदा एका नवऱ्याला म्हटलं, "घरात कुणीतरी मध्येच बटण दाबलंय." त्यानं तिथंच दुकानात बायकोकडं असा डोळा वटारला की माझ्याच अंगावर काटा आला. तेव्हापासून माझ्याकडं सगळं लाईटमुळे होतं. लाईट काय कुणाच्या घरी जाब विचारायला येत नाही. नवरा-बायको समाधानानं घरी जातात, वाटेत दोघं मिळून वीजमंडळाला शिव्या घालतात. संसार टिकतो.

तर ही रीत मी इमानेइतबारे पाळत आले होते. मोडली ती एकदाच, चाकणच्या पुढं एका गावात, दसऱ्याच्या दिवशी. तो दिवस आठवला तरी अजून हबकायला होतं.

आमच्याकडं दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून मी विहारात निघायच्या तयारीत, तेवढ्यात फोन. प्रियांका बोलत होती. ही प्रियांका माझी जुनी गिऱ्हाईक. इथल्याच कॉलेजातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली पोर, लग्न होऊन चाकणकडच्या शेतकरी घरात गेली. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. नाना उभी हयात एका मोठ्या कंपनीत फिटर होते, शेतीही बघायचे. निवृत्त झाल्यावर घरामागच्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकली, एक सीएनसी मशीन घेतलं आणि कंपन्यांना लागणारे छोटे लोखंडी पार्ट बनवायला लागले. प्रियांकाचा नवरा दुसरीकडं नोकरीला, शिफ्ट ड्युटी. त्यामुळे शेड बघायची ती नानांनी आणि प्रियांकानं. हे मशीन म्हणजे आपोआप धातू कापणारं, पण कुठून किती कापायचं ते त्याला आधी लिहून द्यावं लागतं. त्या लिहून दिलेल्याला प्रोग्रॅम म्हणतात. ते सगळे प्रोग्रॅम प्रियांकानं केलेले, आणि सगळे तिच्या लॅपटॉपवर.

"मॅडम, लॅपटॉप गेला," ती म्हणाली. आवाज असा, की घरातलं माणूस गेलं असावं. "निळा पडदा येतोय, परत परत. आज मुहूर्ताचा पहिला पार्ट काढायचाय. नाना म्हणतात, बाईमाणसाच्या हातात कारखाना दिला की असंच व्हायचं. चालू नाही झाला तर उद्यापासून मी घरात, आणि धाकटे दीर शेडमध्ये. मॅडम, तीन वर्षं नाना नको नको म्हणत होते. मी भांडून ती खुर्ची मिळवलीय हो."

विहारात मुलीला पुढं पाठवलं, बॅग गळ्यात अडकवली आणि गाडीला किक मारली. चाकण रोड चक्क मोकळा! एरवी जिथं कंटेनरच्या मागं तासन् तास धूर खात उभं राहायचं, तिथं मी आपली सुसाट. दिवसाचा पहिला धक्का तो.

दुसरा शेडमध्ये पाय ठेवल्यावर. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या या पट्ट्यात खंडेनवमीला कारखाने धुऊनपुसून लख्ख करतात, मशिनींना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, नारळ. शेतात नांगराला जो मान, तोच इथं मशीनला. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, सगळं शांत पाहिजे. हे मला माहीत होतं, मी याच मातीतली. पण लॅपटॉप बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. मशीनशेजारच्या टेबलावर तोही पूजेला बसलेला! झाकणाला गंध, गळ्यात, म्हणजे पडद्याच्या कडेनं, झेंडूची माळ. कीबोर्डवर प्रत्येक ओळीला कुंकवाचं बोट. बाजूच्या हवेच्या जाळीत अक्षता अडकलेल्या. नारळ त्याच्यावर फोडला नव्हता, एवढीच काय ती कृपा.

नाना पुढं आले. धोतर, टोपी, ताठ माणूस, तळहात अजून फिटरचेच. माझ्या पांढऱ्या साडीकडं त्यांनी एकदा पाहिलं, सणासुदीला पांढरं म्हणजे काय, असा भाव क्षणभर चेहऱ्यावर आला आणि लगेच गेला. आपट्याची पानं हातात ठेवली. "सोनं घ्या, मॅडम. बसा. पोरीनं पाक घोळ घालून ठिवलाय बगा."

शेजारी धाकटा मुलगा अक्षय उभा होता. हातात मोबाइल, पायात भारीचे बूट. म्हणाला, "मी नानांना आधीच सांगत होतो. एवढं सगळं एका लॅपटॉपवर ठेवतंय का कोण?" प्रियांका बाजूला उभी होती. डोळे सुजलेले. रात्रभर घरानं तिचा उद्धार केला होता, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मी ब्रशनं कुंकू झाडायला लागले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "काल काय काय झालं, पहिल्यापासून सांगा."

प्रियांका म्हणाली, "एरवी मी नुसतं झाकण लावते, मॅडम. कित्येक महिने बंदच केला नव्हता. काल पूजा म्हणून रीतसर बंद करायला घेतला. तिथं 'अपडेट करून बंद करा' असंच येत होतं, तेच दाबलं. मग नैवेद्य आणायला घरात गेले."

"आणि परत आलात तेव्हा?"

उत्तर आलं ते नानांकडून, अगदी खणखणीत.

"आवो, मी आरतीला ताट घिऊन आलो, तर ह्यो चालूच! मधी आपलं गोल गोल फिरतंय. म्हटलं, ही पोर बंद करायचं इसरली. पूजेला मशीन चालू ठिवून कसं चालंल? ती कुठलं बटन दाबती ते मला ठाव हाय. दाबलं. तरी बंद व्हईना. मंग दाबूनच धरलं. तवा गप झाला."

दाबूनच धरलं! मी ब्रश हातात धरून तशीच बसले. या माणसानं आपल्या हातानं, देवाचं नाव घेत, गळा दाबावा तसा तो लॅपटॉप बंद केला होता, आणि त्याला याचा पत्ताच नव्हता! आणि कालपासून अख्खं घर त्या पोरीला फाडून खातंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण इथं चोरालाही ठाऊक नाही की तो चोर आहे. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. समोर बघितलं तर नानांच्या पाठीमागं उभी राहून प्रियांका मान हलवत होती. नको. नको.

नाना शेजाऱ्यांना सोनं द्यायला बाहेर गेले, अक्षयही गेला. मी तिच्यावरच ओरडले, "अगं, तू बघितलंस ना त्यांना बटण दाबताना? मग बोलत का नाहीस?"

"बघितलं," ती म्हणाली. "दारातच होते मी. हातात नैवेद्याचं ताट. ओरडणार होते, तोवर पडदा काळा झाला होता. मॅडम, तुम्ही सगळ्यांना सांगता तेच सांगा ना. लाईटमुळे झालं म्हणा. नाना पूजेला उभे होते. त्यांच्या हातून बिघडलं म्हटलं, तर देवाच्या कामात खोट काढली म्हणतील, वर खोटारडी ठरेन. आधी चालू तर करून द्या. चालू झाला की सगळं निवळेल."

मला पटलं. म्हणजे धंद्याच्या रीतीप्रमाणे पटलं. मी कामाला लागले.

असा अर्धवट अपडेट झालेला लॅपटॉप दुरुस्त करायची पद्धत अशी, की पेनड्राइव्हवरून त्याला वेगळ्या वाटेनं जागं करायचं, आतला ऐवज आधी बाहेर काढून ठेवायचा, मग अर्धवट झालेलं अपडेट उचकटून काढायचं आणि जुनी घडी परत बसते का बघायचं. बसली तर बसली. मी पेनड्राइव्ह लावला आणि तिसरा धक्का बसला. पडद्यावर आलं, किल्ली द्या. हल्लीच्या लॅपटॉपना आतून कुलूप असतं. अशा प्रसंगी ते एक लांबलचक आकडा मागतं. तो नसेल तर आतलं सगळं आहे तिथंच राहतं, साक्षात कंपनीचा मालक आला तरी निघत नाही. आणि ही किल्ली असते कुठं? लॅपटॉप पहिल्यांदा ज्याच्या इमेलवर सुरू केला, त्याच्या खात्यात. आता दहातल्या आठ घरांत तो इमेल असतो दुकानातल्या सेल्समनचा! 'तुम्ही कशाला त्रास घेता काका, मीच टाकतो' म्हणून टाकलेला. तो सेल्समन दुकान सोडून कधीच गेलेला असतो. अशी घरं मी पाहिलीत. लग्नाचे फोटो, प्रबंध, सगळं डोळ्यांसमोर असून नसल्यासारखं.

तोवर नाना आणि अक्षय परत आले होते. अक्षय म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं? गेलं सगळं."

"प्रियांका," मी विचारलं, "हा सुरू केला तेव्हा इमेल कुणाचा टाकला होता?"

"माझा," ती म्हणाली. "दुकानवाला टाकत होता. मी म्हटलं, बाजूला व्हा, मी टाकते." तिनं मोबाइल काढला, खातं उघडलं आणि आकडा वाचायला लागली. मी एकेक आकडा टाकत गेले. शेडमध्ये आवाज फक्त तिचा. शेवटचा आकडा टाकला आणि कुलूप उघडलं. खरं सांगते, मी टाळी वाजवली. प्रोग्रॅमच्या फायली दिसल्या, ड्रॉइंग दिसली, नावं घालून, कंपनीवार लावून ठेवलेली. सगळं माझ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग ते अर्धवट अपडेट काढायला लावलं. पुन्हा गोल फिरायला लागलं. या वेळी मी टेबलाला चिकटून उभी राहिले. कुणाची बिशाद होती बटणाजवळ येण्याची!

आणि चालू झाला. पाठीमागं प्रियांकानं पदर तोंडाला लावला. नानांचा चेहरा उजळला. म्हणाले, "शाब्बास! जा गं पोरी, मॅडमना च्या आण. गोडाचं बी आण."

ती गेली. ती शेडच्या दारातून बाहेर पडायचा अवकाश, अक्षय येऊन तिच्या खुर्चीत बसला. अगदी सहज, बसची जागा रिकामी झाल्यासारखा. माऊस हातात घेतला आणि म्हणाला, "आता मला सांगा, कुठून काय चालू करायचं." ज्या खुर्चीसाठी मी विहार सोडून धावत आले होते, ती माझ्या देखत गेली होती. आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं!

नानांनी स्टूल ओढलं. "मॅडम, एक सांगा. झालं कशानं ह्ये? पुन्यांदा व्हायला नको."

प्रियांका चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "लाईटमुळे हो, नाना. व्होल्टेज वरखाली झालं असेल."

नाना हसले. "मॅडम, मी फिटर हाय. आक्खी जिंदगी बिघाड शोधण्यात गेली माजी. काल लाईट दिवसभर व्हती. आन गेली जरी आसती, तरी ह्येला बॅटरी हाय की. लाईटीचा काय संबंध?"

आजवर कुणी, अगदी कुणीही, हा प्रश्न विचारला नव्हता! इंजिनिअर येतात, प्रोफेसर येतात, सगळे मान डोलावून जातात. आणि हा माणूस सरळ कारणावर बोट ठेवून बसलेला.

नाना पुढं म्हणाले, "तुमी चांगल्या हाय, तिला सांभाळून घेताय, कळतंय मला. म्हंजी पोरीच्याच हातनं झालं. ऱ्हाऊ द्या. चूक व्हती मानसाकडनं. मी काय राग धरणार न्हाई. पन आता हितं ती नको. त्ये कुलूप हाय न्हवं, त्याची किल्ली अक्षयच्या नावावर करून द्या. त्येचा इमेल घाला. आजपासनं ह्योच बघंल."

अक्षय उत्साहानं आपला इमेल सांगायलाही लागला. दारात ट्रेमधला चहा बशीत सांडला. मी प्रियांकाकडं पाहिलं. तिनं डोळे मिटले होते. ज्या थापेनं मी आजवर संसार वाचवले, तीच थाप या पोरीच्या मुळावर आली होती, आणि ती थाप मारणारी मीच होते. संताप संताप झाला माझा. रीत गेली चुलीत.

"नाना," मी म्हटलं, "लाईटनं नाही झालं आणि हिनंही नाही केलं. तुम्ही केलंत. काल ते गोल फिरत होतं ना, ती आत दुरुस्ती चालली होती. तो आपला आपण बंदच होणार होता. तुम्ही बटण दाबून धरलंत आणि दुरुस्ती मध्ये तुटली. फिटर आहात ना? चालू मशीनच्या गिअरमध्ये कुणी पहार घातली तर काय होईल? ते केलंत तुम्ही."

अक्षय म्हणाला, "ओ मॅडम, बोलताना जरा..." नानांनी हात वर केला, तो थांबला.

नाना आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघत होते. माणसाला आपलाच हात परका वाटावा, तसे. चेहऱ्यावरचा रंगच उतरला होता. मग त्यांनी प्रियांकाकडं मान वळवली. "व्हय गं?"

प्रियांकानं मान हलवली. "हो, नाना."

"तू बगितलंस? मी दाबताना?"

"हो."

"कालपासनं सम्दं घर तुला बोलतंय. मी बोललो. तुज्या सासूनं ताट समोरनं उचललं. आन तू गप? तोंड न्हवतं तुला?"

तिनं ट्रे खाली ठेवला. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. सासऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं विचारलं, "नाना, खरं सांगा. मी काल सांगितलं असतं, तुमच्या हातून झालं म्हणून, तर तुम्ही मानलं असतं?"

मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. इतकी वर्षं काउंटरवर बसून माणसं ओळखायला शिकलेय मी. आता नाना म्हणणार, 'मानलं नसतं व्हय! पोटच्या पोरीवानी हायस तू.' आणि मी काय काय सुनवायचं, तेही जिभेवर होतं.

नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "न्हाई," ते म्हणाले. "नसतं मानलं."

मी चाट पडले. माझ्या जिभेवरचं सगळं तिथंच राहिलं. इतका मोठा माणूस, आपल्या शेडमध्ये, आपल्या मुलासमोर, परक्या बाईसमोर, असं सरळ बोलतो? मी तरी अजून दुसरा पाहिलेला नाही. ते शब्द त्यांना किती जड गेले असतील ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं. ती ताठ मान खाली गेली होती.

मग ते उठले. "अक्षय, ऊठ तितनं."

"पण नाना, तुम्हीच तर आत्ता..."

"ऊठ म्हनलं ना."

अक्षय उठला आणि बूट वाजवत बाहेर गेला. प्रियांका लगेच बसली नाही. आधी पदरानं कीबोर्डवरचं राहिलेलं कुंकू पुसलं, जाळीतली शेवटची अक्षता पिनेनं काढली. मग बसली आणि एकेक फाइल उघडून तपासायला लागली. मुहूर्त टळत चालला होता. बाहेर सोनं वाटून आलेले शेडमधले दोघं कामगार मशीनपाशी येऊन उभे राहिले होते.

नाना तिच्या खुर्चीमागं गेले, घसा खाकरला. "सुरू करू का गं मशीन?"

"थांबा, नाना," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "माझं अजून चालू आहे."

आणि नाना थांबले.